कामाची सवय : पाबळचा एक प्रयोग

मुळशी तालुक्यातले सूस हे गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. त्याआधीच शेती मागे पडून तेथे इमारती उभ्या राहिल्या होत्या. जवळच हिंजवडीची संगणक-उद्याने, पलीकडे लवळ्याच्या टेकडीवरचे विद्यापीठ. शहराच्या अशा वेशीवरच्या गावांतून नोकरीला लागणाऱ्या मुलांविषयी एक तक्रार हमखास ऐकू येते : 'प्रमाणपत्र आहे, पण कामाची सवय नाही.' सवय म्हणजे काय? वेळेवर येणे, माप नीट घेणे, चुकले तर लपवण्याऐवजी सांगणे, हाती घेतलेले तडीस नेणे. मग शाळा-महाविद्यालयांत यावर व्याख्याने ठेवली जातात. व्याख्यानाने ही सवय लागते का? याच जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाला, शिरूर तालुक्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात, या प्रश्नाला हात घालणारा एक प्रयोग झाला. त्याचा इतिहास आपण शिक्षकांनी पाहण्यासारखा आहे.

प्रश्न अर्थातच जुना. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली. मुलांच्या उत्पादनातून शिक्षकाचा पगार निघावा, ही त्यांची अपेक्षा होती. मुलांना कामाला जुंपून पैसा उभा करणे योग्य का, अशी शंका त्या परिषदेतच के. टी. शहांनी घेतली. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' शिक्षणाचा भाग असावा असे सुचवले आणि तो वेळापत्रकात आला. त्याचे काय झाले हे आपणांस ठाऊकच आहे. तासाला केलेली कागदी फुले वर्षअखेर प्रदर्शनात मांडायची आणि नंतर कपाटात ठेवायची! ती फुले कोणाला हवी होती म्हणून केलेली नसत. त्यामुळे ती कशी झाली, याची कोणाला फिकीरही नसे.

डॉ. श्रीनाथ कलबाग (१९२८-२००३) हे अन्नतंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ. अमेरिकेत डॉक्टरेट, मग म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत आणि पुढे मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात नोकरी. ती मुदतीआधी सोडून १९८३ साली ते पत्नी मीरा कलबाग यांच्यासह पाबळला आले आणि पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेच्या आधाराने त्यांनी 'विज्ञान आश्रम' सुरू केला. शाळेत ज्यांचे जमले नाही, अशी मुलेही तेथे येत. ही मुले बुद्धीने कमी नाहीत. हाताने काम करता करता शिकणे हीच माणसाची स्वाभाविक रीत आहे आणि शाळेने तीच बंद केली आहे, असे कलबागांचे म्हणणे होते.

त्यांनी आखलेल्या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात चार विभाग होते : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. प्रत्येकाने चारही करायचे. लोहारकाम एकाचे, स्वयंपाक दुसरीचे, गोठा तिसऱ्याचा, ही आपल्या समाजातली वाटणी यात आपोआप मोडत होती. मुलगा वेल्डिंग करी आणि पदार्थही बनवी. शाळांसाठी याचेच रूप म्हणून आठवी ते दहावीला आठवड्यातला एक पूर्ण दिवस कामाला देणारा विषय तयार झाला. शिकवायला बहुधा गावातलाच कारागीर असे.

पण खरी गोम वेगळीच होती. मुलांचे काम गावासाठी असे आणि गाव त्याचे पैसे देई. फाटक, बाक, वीजजोडणी, माती-परीक्षण अशी ती कामे. आधी आराखडा काढायचा, मग सामान, मजुरी, वाया जाणारे लोखंड धरून खर्च काढायचा. फाटक लागले नाही तर शिक्षकाच्या लाल शेऱ्याची वाट पाहावी लागत नाही; घरमालक दारात उभा असतो.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पाबळचे घुमटाकार घर पुष्कळांना ठाऊक झाले. त्रिकोणांच्या सांगाड्यावर जाळी व सिमेंटचा थर, अशी त्याची रचना. या प्रकारच्या साध्यात साध्या अर्धगोल घुमटाचे गणित वर्गात करून पाहण्याजोगे आहे. त्यात दोनच लांबीच्या ६५ कांबी लागतात : ३० कांबी त्रिज्येच्या ०.५४६ पट आणि ३५ कांबी ०.६१८ पट. त्रिज्या ४ मीटर असेल तर सुमारे २.१९ मीटर आणि २.४७ मीटर. कांबी कापताना कोणी सेंटिमीटरभर सैल राहिला तर तेव्हा काहीच दिसत नाही. चुका साठत जातात आणि शेवटच्या कांबी जोडताना भोके जुळत नाहीत. मग कोणाच्या कांबी चुकल्या, हे सर्वांनी मिळून शोधावे लागते. चूक लपवून उपयोग नाही हे तेथे कोणी सांगत नाही. सांगाडाच ते सांगतो. 'गुणवत्ता' या शब्दावर तासभर बोलून हे साधेल असे मला वाटत नाही.

के. टी. शहांची शंका मात्र इथेही निकालात निघत नाही. पहिले फाटक करताना मूल शिकते. पन्नासावे फाटक करून घेणे ही स्वस्त मजुरी होते. पाबळला चार विभागांच्या फिरतीमुळे हा धोका कमी होतो, पण जिथे शाळेची नजर मिळकतीवर जाईल तिथे तो उभा राहणारच. आणखी एक गोष्ट. नोकरी देणारे ज्याला वृत्तीचा दोष म्हणतात तो कित्येकदा कामाच्या जागेचा दोष असतो. ज्याला आराखडा दाखवलेला नाही, हिशेब सांगितलेला नाही, त्याने आपुलकीने काम करावे कसे?

राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने पाबळच्या पदविकेला मान्यता दिली आणि राज्यातल्या अनेक शाळांत तो शालेय विषयही पोहोचला, पण बहुसंख्य शाळांत नाही. अडचण अवजारांची कमी आणि वेळापत्रकाची जास्त. सूससारख्या ठिकाणी गिऱ्हाइकाची वाण नाही. एकेका गृहसंकुलात गळके नळ, बिघडलेले सौर बंब, सडणारा ओला कचरा भरपूर आहे. आठवड्यातला एक दिवस गणित-इंग्रजीच्या तासांतून काढून द्यायला पालक आणि मुख्याध्यापक तयार होतील का, हे तेथल्या शिक्षकांनाच विचारायला हवे.