फोटोमागची तारीख: परभणीचे आभाळ, गोदाकाठ आणि हौशी कॅमेरा



आजच्या विषयाचे नाव जाहीर झाल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता फोटोवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. मी काही छायाचित्रकार नाही. हौशी आहे. आणि 'हौशी' या शब्दावरच मला आज बोलायचे आहे. आपल्याकडे हौशी म्हटले की कच्चा, फावल्या वेळातला, असा अर्थ घेतात. पण आपल्या मुलखाच्या जमिनीचे आणि आभाळाचे जे फोटो इतिहासात टिकले, त्यांची सुरुवात बहुतेक हौशी माणसांनीच केली आहे. मग आपली हौस का टिकत नाही, हा माझा आजचा प्रश्न.

आधी माझीच फजिती सांगतो.

माझे आजोळ गंगाखेड. तिथे गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एक आगफा क्लिक थ्री कॅमेरा घेतला होता. एका उन्हाळ्यात गंगेच्या काठावर उभा राहिलो आणि डावीकडून उजवीकडे वळत ओळीने चार फोटो काढले. ते शेजारी शेजारी चिकटवले की नदीचे सगळे पात्र एका पट्टीत दिसते. पॅनोरामा हा शब्द तेव्हा मला माहीत नव्हता. एका फोटोत नदी मावेना, एवढेच कळत होते. पात्रात दूरवर वाळू, मधून पाण्याची एक बारीक धार, पलीकडे बैलगाडी. पट्टी सुरेख झाली. मी ती पुठ्ठ्यावर चिकटवली आणि मागे काहीही लिहिले नाही. लक्षात राहणारच की, असे वाटले.

आता घटकाभर विचार करा. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली आणि उद्घाटन फेब्रुवारी १९७६ मध्ये. गंगाखेड धरणाच्या खाली. माझी पट्टी १९७४ ची असेल तर ती धरणाच्या उद्घाटनापूर्वीच्या नदीची साक्ष आहे. १९७७ ची असेल तर नंतरच्या नदीची. पुढे ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, दिग्रस असे बंधारे झाले, वाळू उपसली गेली, तसे पात्र आता कुठेच दिसत नाही. म्हणजे फोटो मोलाचा आहे. पण तो कशाची साक्ष देतो, हे मलाच सांगता येत नाही. मी स्वतः काढलेला फोटो, आणि मीच त्याचा वाचक म्हणून अडाणी!

इथे आपले नैयायिक मदतीला येतात. न्यायदर्शन ज्ञानाची चार प्रमाणे मानते: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. आपल्याला वाटते की फोटो म्हणजे प्रत्यक्ष. तसे ते नाही. नदी मी पाहिली ते प्रत्यक्ष. फोटो हा डोंगरावरचा धूर आहे. त्यावरून अग्नी ओळखायचा, म्हणजे अनुमान करायचे. आणि ते अनुमान नीट व्हायला शब्दाचा, म्हणजे विश्वासू माणसाच्या सांगण्याचा, आधार लागतो. कुठे, कधी, कोणत्या दिशेला तोंड करून. हा शब्द नसेल तर धूर दिसतो, पण डोंगर कुठला ते कळत नाही.

आता इतिहासाकडे वळू. १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे आपल्या बाजूच्या छायाचित्रणाची कथा मुंबईइतकीच हैदराबादकडेही जाते. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी मंडळी तेव्हापासून कॅमेरा हाताळत होती. इकडे हैदराबादेत नाव झाले ते राजा दीनदयाल यांचे. जन्म १८४४, मेरठजवळच्या सरधन्याचा. रुरकीला शिक्षण, इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हातात घेतला तो हौस म्हणून. पुढे सहावे निजाम महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार झाले. शिकारी, संचलने, राजवाडे हे तर त्यांनी टिपलेच. पण १८९९-१९०० च्या दुष्काळात औरंगाबादेतली हाडांचा सापळा झालेली माणसेही त्यांच्या फोटोंत आहेत. दीनदयालांच्या प्रतींवर बहुधा नंबर आणि नाव घातलेले दिसते. चित्रकार म्हणून ते थोर होतेच, पण कारकून म्हणूनही चोख होते. त्यांचे काम आज पुरावा म्हणून वापरता येते, त्यात या नंबरांचा वाटा मोठा आहे.

दुसरी गोष्ट आभाळाची. नवाब जफर जंग नावाचे हैदराबादचे एक सरदार. विलायतेत शिकलेले, दुर्बिणीचे वेड. त्यांनी १९०१ साली स्वतःच्या हौसेने हैदराबादेत फिसलबंडा इथे वेधशाळा उभारली. तिचे नाव निजामिया. नवाबांच्या मृत्यूनंतर ती सरकारने ताब्यात घेतली आणि पुढे बेगमपेठेला नेली. त्या काळात पॅरिसहून एक जागतिक उपक्रम चालला होता: १८८७ साली ठरल्याप्रमाणे सगळ्या आभाळाचा फोटो-नकाशा करायचा. सुमारे वीस वेधशाळांनी आभाळाचे आडवे पट्टे वाटून घेतले होते. निजामियाच्या वाट्याला दक्षिणेकडचा १७ ते २३ अंशांचा पट्टा आला. अनुराधा नक्षत्रातले वरचे दोन ठळक तारे त्याच पट्ट्यात येतात. काचेवर फोटो घ्यायचा आणि एकेका ताऱ्याची जागा मोजायची. असे लाखो तारे मोजले गेले. म्हणजे आपले पणजोबा परभणीच्या रानात ज्वारी राखत अनुराधेकडे बघत होते, तेव्हा त्यांच्याच संस्थानाच्या राजधानीत अनुराधा काचेवर उतरत होती. दोघांची कधी गाठ पडली नाही. पणजोबांनी पाहिलेले त्यांच्याबरोबर गेले. काचेवरचे राहिले, कारण प्रत्येक काचेला वेळ आणि दिशा बांधलेली होती.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात प्रिय आहे. २२ जानेवारी १८९८, पौष अमावास्या. दुपारी खग्रास सूर्यग्रहण झाले. सावली कोकणातून शिरून ईशान्येकडे गेली. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला होते, अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे लोक होते. विदर्भात अमरावतीकडच्या तळणीला ॲनी माँडर नावाच्या बाई आल्या होत्या. ग्रिनिचच्या वेधशाळेत त्या गणिताचे काम करीत. लग्न झाले म्हणून नोकरी सोडावी लागली. तेव्हा तळणीला आल्या त्या हौशी म्हणूनच. सोबत एक छोट्या भिंगाचा कॅमेरा. त्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडळातला इतका लांब किरण पकडला की तसा त्यापूर्वी कोणी पकडला नव्हता. मोठमोठ्या दुर्बिणी लावून बसलेल्यांना जे साधले नाही, ते या बाईंना आपल्या वऱ्हाडात साधले.

आता नकाशा घ्या आणि जेऊरपासून तळणीपर्यंत पट्टीने रेघ ओढा. ती रेघ परभणी जिल्ह्यातून, पाथरी-मानवतच्या आसपासून जाते. मी ओढून पाहिली आहे. म्हणजे त्या दुपारी आपल्या जिल्ह्यातही काळोख पडला असणार, पाखरे घरट्यांकडे वळली असणार, बायाबापड्यांनी नदीवर ग्रहणाचे स्नान केले असणार. दोन्ही टोकांना कॅमेरे, मधे आपण. आपल्या बाजूचा त्या दिवसाचा एखादा फोटो माझ्या पाहण्यात नाही. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेसुद्धा १९०० च्या सुमारास आली. कॅमेरा रेल्वेच्या मागून येतो, आणि आमच्याकडे दोन्ही उशिराच आले.

"बनी तो बनी, नहीं तो परभनी" ही म्हण तुम्ही ऐकली असेल. आता तीच म्हण आभाळाच्या बाबतीत खरी करण्यासारखी आहे, कारण आपली जागा मोक्याची आहे. परभणीचा अक्षांश सुमारे १९. म्हणून ध्रुवतारा उत्तरेला क्षितिजापासून १९ अंश वर दिसतो. हात लांब करून मुठीवर मूठ ठेवा, दोन मुठींच्या जरा खाली ध्रुव सापडतो. आणि हिवाळ्याच्या रात्री दक्षिणेकडे तोंड केले की अगस्त्य त्याच्या सर्वोच्च जागी सुमारे १८ अंशांवर असतो. उत्तरेला ध्रुव, दक्षिणेला अगस्त्य, जवळजवळ सारख्या उंचीवर! उत्तर हिंदुस्थानात अगस्त्य क्षितिजाला टेकतो आणि दक्षिणेत ध्रुव. आपल्याकडे दोघांचा मान सारखा. एप्रिल-मेमध्ये दक्षिण क्षितिजाजवळ त्रिशंकूसुद्धा दिसतो.

तरुण मंडळी हे टिपायला येलदरी धरणाच्या काठावर जातात, चारठाण्याच्या देवळांकडे जातात, जिंतूरवरून पुढे लोणारला जातात. लोणारचे विवर सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद. काठावर उभे राहिले तर एका फोटोत येतच नाही. तिथे पॅनोरामा हीच गरज. कॅमेरा उभा धरायचा, प्रकाशाचे आकडे कायम ठेवायचे, प्रत्येक फोटोत आधीच्याचा तिसरा हिस्सा यायला हवा. रात्री आणखी एक अडचण. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. २४ मिलिमीटरच्या भिंगाने वीस सेकंदांपेक्षा जास्त उघडझाप लांबवली की ताऱ्यांच्या रेघा होऊ लागतात.

इथे कोणीतरी हमखास विचारते, "सर, वीस सेकंद साठवलेला प्रकाश डोळ्याला कधी दिसत नाही. अर्धे क्षितिज एका नजरेत मावत नाही. मग हा फोटो खोटा नाही का?" मी म्हणतो, खोटा नाही, पण कसा केला ते सांगितले नाही तर खोटा होऊ शकतो. देवळाचा फोटो संध्याकाळचा, आकाशगंगा दुसऱ्या गावची आणि खाली नाव फक्त देवळाचे. याला मी लबाडी म्हणेन. जोडकाम सांगून केले तर ते चित्र, लपवून केले तर ती खोटी साक्ष.

आता माझी दुसरी फजिती, पण ही शेवटी गोड झाली. १९९७ च्या वसंतात हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळी वायव्येला दिसत होता. मी गच्चीवर ट्रायपॉड लावून अर्धा रोल त्यावर घातला. धुलाईला दिला. निगेटिव्हवर सगळे मोकळेच दिसत होते, चौकटींच्या कडा कळेनात. त्या गृहस्थांनी अंदाजाने कात्री चालवली आणि एका धूमकेतूची शेपटी निम्म्यात कापली गेली. चूक त्यांचीही नव्हती. रोलची पहिली चौकट दिवसाउजेडी काढून ठेवायची असते, म्हणजे कापणाऱ्याला माप मिळते, हे मला माहीत नव्हते. दोन प्रती कशाबशा वाचल्या. मागे अर्थातच काही लिहिले नाही! स्वभावाला औषध नाही.

पुष्कळ वर्षांनी एका विद्यार्थ्याने त्या प्रती पाहिल्या. त्याने शर्मिष्ठा, देवयानी, ययाती हे तारकासमूह ओळखले, धूमकेतू त्यांच्यामध्ये नेमका कुठे आहे ते मोजले, आणि संगणकावर ताडून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातली एक संध्याकाळ काढून दिली. मी थक्क झालो. आभाळाच्या फोटोत तारीख आपोआप येते, कारण धूमकेतू आणि ग्रह हेच तिथले पंचांग. पण गंगेची माझी पट्टी त्याच मुलाने उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. वाळूला पंचांग नसते. आभाळाची साक्ष आभाळ देईल. जमिनीची साक्ष आपल्यालाच द्यावी लागेल.

आणि आता आभाळालाही साक्षीदार लागतो आहे. लोडशेडिंगच्या काळात आपण शिव्या घातल्या, पण आकाशगंगा अंगणातून दिसत होती. आज गावोगाव हायमास्ट दिवे आहेत. उजेड नको असे म्हणणारा मी नाही. रात्री वीज येते म्हणून रात्रीच पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला आणि बाहेर पडणाऱ्या लेकीबाळींना उजेड पाहिजेच. माझे म्हणणे इतकेच की दिव्याला झापड लावा, प्रकाश खाली पडू द्या. विदर्भातल्या पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे काळोख ही राखण्याची गोष्ट आहे, हे आता जगानेही मान्य केले आहे. आपल्या गावातला काळोख किती उरला, हे दरवर्षी त्याच जागेवरून, तेवढ्याच सेकंदांचा फोटो काढला तर दिसेल. दहा वर्षांनी ते दहा फोटो कोणत्याही भाषणापेक्षा जास्त बोलतील.

म्हणून जाता जाता एकच काम देतो. घरी गेल्यावर, म्हणजे तुम्ही घरीच बसून ऐकता आहात, तेव्हा लगेच, एक जुना फोटो काढा. नदीचा, विहिरीचा, गावातल्या वडाचा. त्यातली जागा ओळखू शकणारे एखादे म्हातारे माणूस अजून असेल तर त्याच्यापुढे ठेवा. गाव, दिशा, साल, हंगाम, काढणाऱ्याचे नाव, जे सांगतील ते मागे पेन्सिलीने लिहा. खात्री नसेल तिथे 'अंदाजे' लिहा. अंदाजे हासुद्धा प्रामाणिक शब्द आहे. मोबाइलमधल्या नव्या फोटोंनाही हेच.

मी माझ्या पट्टीमागे लिहिले आहे: 'गंगाखेड, उन्हाळा, अंदाजे १९७४ ते ७७, दक्षिण तीरावरून.' तो उन्हाळा आठवणारे कोणी ऐकत असेल, पलीकडच्या त्या बैलगाडीवाल्याच्या घरचे कोणी असेल, तर मला जरूर कळवा. पेन्सिल अजून टेबलावरच आहे.