बाणाची काडी आणि खडावांचे लाकूड

बाण कोणी मारला, कोणत्या लढाईत मारला आणि कोणता राजा जिंकला, हे आपण शाळेत पाठ करतो. परंतु बाण सुटण्याच्या कितीतरी आधी कोणीतरी झाडापुढे उभे राहून 'ही काडी घ्यावी, ती टाकावी' असा निवाडा केलेला असतो. श्रोतेहो, आज आम्ही त्या निवाड्याविषयी बोलणार आहोत. कारागिराची अक्कल तेथे दिसते, आणि त्याच्या पोटावर येणारा कायदाही तेथेच उगवतो.

आपल्या भाषेने याची एक खूण जपली आहे. संस्कृतात 'शर' म्हणजे बाण, आणि 'शर' म्हणजे बोरूसारखे उंच गवतही. ज्या मालाचा बाण केला, त्याच मालाचे नाव बाणाला मिळाले.

१९९१ साली ऑस्ट्रिया व इटली यांच्या सीमेवर, आल्प्स पर्वताच्या बर्फात, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाचे प्रेत सापडले. त्याच्या भात्यात १४ काड्या होत्या. पिसे व गारेची टोके बसवून पुरे केलेले बाण मात्र दोनच. या काड्या व्हायबर्नम नावाच्या झुडपाच्या कोंबांच्या होत्या. सरळ वाढलेल्या कोंबात लाकडाचे तंतू बुडख्यापासून शेंड्यापर्यंत अखंड असतात, म्हणून काडी बारीक असूनही चिवट राहते. साल काढावी, सावलीत सुकवावी, उरलेला बाक शेकून काढावा, अशी ही कामाची रीत. शिवाय धनुष्यातून सुटताना बाण लवतो. म्हणून काडी त्या धनुष्याच्या ताकदीला शोभेल इतकीच ताठ हवी, आणि सगळ्या काड्या सारख्या हव्यात. त्यामुळे पुष्कळ तोडाव्या तेव्हा थोड्या हाती लागतात.

कोंबांवर एका शिकाऱ्याचे भागते; फौजेचे भागत नाही. मध्ययुगीन इंग्लंडला लाखांनी बाण लागत. तेथे झाडाचे ओंडके तंतूंच्या रेषेत फाडून, रंधून गोल काड्या करीत. लंडनमध्ये १३७१ साली धनुष्य करणारे व बाण करणारे यांचे धंदे वेगळे झाले. बाणवाल्यांची मोठी भिस्त अॅस्पेन या झाडावर असे. हे पॉपलरच्या जातीतले झाड. पाने पिंपळासारखी जराशा वाऱ्याने थरथरणारी, लाकूड हलके.

पण हेच हलके लाकूड आणखी एका कारागिराला हवे होते. चिखलातून चालताना चामडी जोड्याखाली बांधायच्या लाकडी खडावा करणारे लोक अॅस्पेनच वापरीत. अॅजिंकोर्टची लढाई १४१५ साली झाली. दुसऱ्याच वर्षी, १४१६ साली, कायदा झाला की खडाववाल्यांनी अॅस्पेनला हात लावू नये, लावल्यास १०० शिलिंग दंड. राजाला बाण हवे होते. चिखलात चालणाऱ्याच्या पायाचा विचार मागे पडला, आणि हातावर पोट असलेल्या दोन कारागिरांत सरकारने भिंत घातली.

ही भिंत जवळजवळ ५० वर्षे टिकली. पुढे खडाववाल्यांनी अर्ज केला, आणि १४६४-६५ च्या सुमारास नवा कायदा झाला: जे अॅस्पेन बाणाच्या कामाचे नाही, त्याच्या खडावा कराव्यात. सरळ लाकूड एकाला, गाठाळ वाकडे दुसऱ्याला! लाकूड निवडणाऱ्या कोणत्याही कारागिराने ही वाटणी पहिल्याच दिवशी सांगितली असती. परंतु कायदा करणारे त्याला क्वचितच विचारतात, हा अनुभव आम्हां कामगारांत वावरणाऱ्यांना नवा नाही.

१५४५ साली रॉजर अॅस्कम याने धनुर्विद्येवरील आपल्या ग्रंथात बाणाची १५ लाकडे मोजली. युद्धाच्या बाणाला त्याने जड अॅश पसंत केला, आणि लोक त्याऐवजी अॅस्पेन वापरतात याबद्दल नापसंती दाखविली. त्याच वर्षी 'मेरी रोझ' हे इंग्रजी युद्धजहाज बुडाले. १९८२ साली ते वर काढले. त्यावरील हजारो बाण मिळाले आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य पॉपलर जातीच्याच लाकडाचे आहेत. विद्वानाने काय करावे ते लिहिले. कारागिराने काय केले ते समुद्राच्या गाळाने सांभाळून ठेवले. इतिहासाला दोन्ही साक्षी लागतात, आणि दुसरी साक्ष आपण फार उशिरा घेऊ लागलो आहोत.