लेखणीचा परवाना आणि लेखाचें स्वामित्व

लेखनकलेच्या दीर्घ इतिहासांत लेखणी विकणाऱ्यानें लेखावर सत्ता गाजविल्याचें उदाहरण सांपडणें कठीण आहे. बोरू कोणीं तासला, शाई कोणीं घोटली, कागद कोणत्या कारखान्यांतून आला, या गोष्टींचा लेख वाचतां येण्याशीं कांहीं संबंध नसे. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील मोडी कागद वाचणारे आज थोडे उरले आहेत हें खरें; परंतु मोडी शिकण्यास कोणाची मनाई नाहीं, व तिची अक्षरें कोणा व्यापाऱ्याच्या तिजोरींत कुलुपबंद नाहींत. संगणकावरील लेखनाची गोष्ट निराळी झाली. तेथें लेख ज्या संकेतांनीं सांठविला जातो, ते संकेत पुष्कळ वर्षें खुद्द लेखकासच अज्ञात होते. तें लेखणी बनविणाऱ्या कंपनीचें व्यापारी गुपित होतें. ही नवी लेखणी म्हणजे पत्रें लिहिणें, हिशेब मांडणें, सभेपुढें चित्रें व आंकडे ठेवणें, हीं कामें करणारें ‘ऑफिस’ सॉफ्टवेअर होय. तिचा मुक्त पर्याय कसा जन्मास आला, कसा तगला व कोठें अडखळला, याचें विवेचन प्रस्तुत लेखांत करावयाचें आहे.

या व्यवसायाचा आरंभ अमेरिकेंत झाला. १९७८ सालीं ‘वर्डस्टार’ हें लेखनाचें, आणि १९७९ सालीं डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांचें ‘व्हिजिकॅल्क’ हें हिशेबाचें सॉफ्टवेअर बाजारांत आलें. व्हिजिकॅल्कचें पेटंट घेतलें गेलें नाहीं. त्यामुळें तीच कल्पना उचलून १९८३ मध्यें ‘लोटस १-२-३’ पुढें सरसावलें. तो काळ चुरशीचा होता. १९९० सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें वर्ड, एक्सेल व पॉवरपॉइंट यांची मोट बांधून विंडोजसाठीं ‘ऑफिस’ या नांवानें ती विकावयास काढली, आणि त्या दशकाच्या अखेरीस जगांतील बहुतेक कचेऱ्यांत तिचाच संचार झाला. या मालांत गुण नव्हते असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु केवळ गुणांच्या बळावर एवढें साम्राज्य उभें राहत नसतें. त्याचें दुसरें कारण फाईलच्या घडणींत, म्हणजे तिच्या फॉरमॅटमध्यें होतें. वर्डनें लिहिलेलें पत्र ‘डॉक’ नांवाच्या ज्या फॉरमॅटमध्यें सांठविलें जाई, त्याचा संपूर्ण तपशील कंपनीनें सर्वांसाठीं खुला केला तो २००८ सालीं. तोंपर्यंत ज्यास असें पत्र येई, त्यास त्यांत सुखरूपपणें दुरुस्ती करावयाची तर तेंच सॉफ्टवेअर विकत घ्यावें लागे. आणि त्यानें उत्तर धाडलें म्हणजे तिसऱ्यास घ्यावें लागे. एकाच्या खरेदीनें दुसऱ्याची खरेदी अटळ व्हावी, असें हें चक्र होतें.

या चक्राबाहेरची वाट जर्मनींतून निघाली. उत्तर जर्मनींतील लुनेबुर्ग येथें १९८५ सालीं मार्को बोरीस या अवघ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलानें ‘स्टार डिव्हिजन’ नांवाची कंपनी काढली व ‘स्टाररायटर’ हें लेखनाचें सॉफ्टवेअर विकण्यास आरंभ केला. त्याचेंच पुढें ‘स्टारऑफिस’ झालें. १९९९ सालीं अमेरिकेंतील सन मायक्रोसिस्टिम्स या बड्या कंपनीनें स्टार डिव्हिजन विकत घेतली. आपल्या हजारों नोकरांसाठीं मायक्रोसॉफ्टचे परवाने घेत बसण्यापेक्षां सबंध कंपनीच विकत घेणें स्वस्त पडलें, असें सनच्या एका अधिकाऱ्यानें मागाहून सांगितल्याचें प्रसिद्ध आहे. तें कसेंहि असो. सननें पुढें जें केलें तें अपूर्व होतें. १३ ऑक्टोबर २००० रोजीं तिनें या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे ज्या मूळ आज्ञांनीं तें घडलें त्या सर्व आज्ञा, जगापुढें खुल्या केल्या. या नव्या उपक्रमास ‘ओपनऑफिस डॉट ऑर्ग’ असें नांव मिळालें, आणि १ मे २००२ रोजीं त्याची पहिली पूर्ण आवृत्ति बाहेर पडली.

येथें ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ या दोन शब्दांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. इंग्रजींत या दोन्ही अर्थांस एकच शब्द असल्यामुळें तेथें पुष्कळ घोटाळा झाला; मराठीस ती अडचण नाहीं. मोफत वस्तूस पैसे पडत नाहींत, एवढेंच. देणाऱ्याची मर्जी फिरली कीं ती बंद होते. मुक्त वस्तु मात्र घेणाऱ्याच्या हक्काची होते. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ज्या चळवळीची घोषणा केली, तिनें हे हक्क चार प्रकारें मांडले आहेत: सॉफ्टवेअर हवें त्या कामास वापरावें, त्याची रचना अभ्यासावी, त्याच्या प्रती दुसऱ्यांस द्याव्या, आणि त्यांत बदल करून तो बदलहि वांटावा. सननें ओपनऑफिससाठीं निवडलेला परवाना याच परंपरेंतील होता. यांत सनचा निव्वळ परोपकार होता असें समजण्याचें कारण नाहीं. प्रतिस्पर्ध्याचें मुख्य उत्पन्न ज्या मालावर, तोच माल बाजारांत फुकट मिळूं लागावा, हा धूर्त व्यापारी डाव त्यांत उघड होता. परंतु दात्याचा हेतु कांहींहि असो, मुक्त परवान्यानें दिलेलें दान त्याच्या हेतूवर अवलंबून राहत नाहीं. आणि हेंच पुढें कसोटीस लागावयाचें होतें.

तत्पूर्वीं फाईलच्या घडणीचा प्रश्न ऐरणीवर आला. ओपनऑफिसच्या फॉरमॅटवरून तयार झालेला ‘ओपन डॉक्युमेंट’ हा फॉरमॅट मे २००५ मध्यें ‘ओॲसिस’ या संस्थेनें प्रमाण म्हणून स्वीकारला, व २००६ सालीं आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनें, म्हणजे आयसोनें, त्यास मान्यता दिली. याची रचना कोणासहि पाहतां येण्याजोगी आहे. अशी फाईल म्हणजे वस्तुतः एक ‘झिप’ गांठोडें असतें. तें सोडलें कीं आंत साध्या अक्षरांनीं लिहिलेला मजकूर व त्याच्या मांडणीच्या खुणा दिसतात. ज्या सॉफ्टवेअरनें ती लिहिली तें उद्यां नाहींसें झालें, तरी जाणत्या मनुष्यास तींतून मजकूर काढतां येईल.

मायक्रोसॉफ्टनें यास प्रत्युत्तर म्हणून स्वतःचा नवा फॉरमॅट मांडला. त्याचा तपशील सुमारे सहा हजार पानांचा होता. इ. स. १९०० हें वर्ष लीप वर्ष नसतां तें तसें धरण्याची जी चूक लोटसच्या काळापासून हिशेबाच्या तक्त्यांत चालत आली होती, तिलाहि त्या मसुद्यांत स्थान मिळालें. जुन्या फाइली बिघडूं नयेत म्हणून चूकच वंशपरंपरेनें जपावी लागली. सप्टेंबर २००७ च्या मतदानांत हा मसुदा पडला. मार्च २००८ मध्यें फेरमतांनीं तो तरला. दोन्ही वेळां भारतानें विरुद्ध मत दिलें, आणि निकालानंतर ब्राझील, दक्षिण आफ्रिका व व्हेनेझुएला यांजबरोबर अपीलहि केलें. तें फेटाळण्यांत आलें. तथापि या वादाचा एक लाभ निःसंशय झाला. सरकारी कागद कोणत्या घडणीचे असावे, हा प्रश्न कारकुनी तपशिलाचा नसून राज्यकारभाराचा आहे, हें सरकारांच्या ध्यानीं आलें. २०१० सालीं भारत सरकारनें ई-कारभारासाठीं खुल्या मानकांचें धोरण जाहीर केलें, आणि २०१४ सालीं ब्रिटिश सरकारनें आपल्या दुरुस्तीयोग्य कागदपत्रांसाठीं ओपन डॉक्युमेंटचीच निवड केली.

आतां कसोटीचा प्रसंग. जानेवारी २०१० मध्यें ओरॅकल कंपनीनें सन विकत घेतली, व तिजबरोबर ओपनऑफिसहि नव्या धन्याकडे गेलें. या धन्याचा कल पाहून काम करणारी मंडळी अस्वस्थ झाली. २८ सप्टेंबर २०१० रोजीं त्यांतील अनेकांनीं ‘डॉक्युमेंट फाउंडेशन’ ही स्वतंत्र संस्था जाहीर केली आणि ओरॅकलनें तींत सामील होऊन जुनें नांव संस्थेस द्यावें अशी विनंति केली. ओरॅकलनें नांव दिलें नाहीं. उलट नव्या संस्थेंत गेलेल्यांनीं जुन्या मंडळांतील आपल्या जागा सोडाव्या असें सुचविण्यांत आलें. नांव हें व्यापारचिन्ह असल्यानें तें अडवितां आलें. परंतु सोर्स कोड अडवितां येईना. दहा वर्षांपूर्वीं दिलेला परवाना परत घेण्याची सोय त्यांत नव्हतीच. तोच कोड घेऊन, ‘लिब्रेऑफिस’ असें नवें नांव धारण करून, मंडळी निघालीं आणि २५ जानेवारी २०११ रोजीं त्यांनीं पहिली पक्की आवृत्ति प्रसिद्ध केली. जर्मन कायद्याप्रमाणें न्यास स्थापण्यास लागणारें पन्नास हजार युरोंचें भांडवल लोकवर्गणींतून आठ दिवसांत जमलें, आणि २०१२ च्या आरंभीं बर्लिन येथें न्यासाची रीतसर नोंदणी झाली. ओरॅकलनें २०११ सालीं मूळ ओपनऑफिस अपाचे या संस्थेच्या स्वाधीन केलें; तेथें तें अद्याप आहे, परंतु २०१४ नंतर त्यांत मोठी भर अशी पडली नाहीं. नांव एकाकडे राहिलें व प्राण दुसरीकडे गेला. सननें दान दिलें तेव्हां नव्हे, तर सन नाहींशी झाली तेव्हां, मुक्तीचा अर्थ जगास कळला.

मराठी वाचकांस हा विषय दूरचा वाटण्याचें कारण नाहीं. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीं मराठी टंकलेखन निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टांवर चाले, व प्रत्येकाची अक्षरांची वांटणी वेगळी असे. एका फॉन्टमध्यें लिहिलेला लेख दुसऱ्यांत उघडला कीं ‘क’ च्या ठिकाणीं भलतेंच चिन्ह उमटे व सबंध लेखाचा चिवडा होई. त्या काळांतील किती स्मरणिका, प्रबंध आणि हस्तलिखितें केवळ मूळ फॉन्ट हातीं नसल्यामुळें आज मुकीं झालीं आहेत, हें प्रकाशकांस व मुद्रकांस विचारावें. जी आपत्ति इतरांवर फॉरमॅटमुळें आली, ती आपल्यावर अक्षरांपासूनच आली होती. युनिकोडनें अक्षरांचा प्रश्न सोडविला. तशांत भारत सरकारच्या ‘टीडीआयएल’ योजनेमार्फत २००५ पासून भारतीय भाषांच्या सीडी विनामूल्य वांटण्यांत आल्या. प्रथम तामिळ, मग हिंदी, आणि पुढें मराठीसह इतर भाषा. त्यांत फॉन्टांबरोबर ओपनऑफिसची भारतीय भाषांत उतरविलेली आवृत्तीहि होती. आज लिब्रेऑफिसचा पडदा मराठींत पाहतां येतो. व्यापारी कंपन्यांनींहि मराठीची सोय केली आहे, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु ती त्यांच्या बाजारभावाच्या हिशेबानें मिळते. मुक्त सॉफ्टवेअर मराठींत आणण्यास कोणाची परवानगी मागावी लागत नाहीं, हा भेद लहान नव्हे.

तथापि या इतिहासाची दुसरी बाजू सांगितल्यावांचून लेख पुरा होणार नाहीं. जर्मनींतील म्युनिक नगरपालिकेनें २००३ सालीं मुक्त सॉफ्टवेअरकडे वळण्याचें ठरविलें, तेव्हां मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बाल्मर महापौरांची मनधरणी करण्यास जातीनें गेले होते. नगरपालिका डगमगली नाहीं. २०१३ पर्यंत सुमारें पंधरा हजार संगणक बदलले गेले. मुक्त सॉफ्टवेअरच्या कैवाऱ्यांनीं जिकडे तिकडे म्युनिकचा दाखला द्यावा, अशी कीर्ति झाली. आणि २०१७ सालीं त्याच नगरपालिकेनें विंडोजवर परतण्याचा ठराव केला! राजकीय सत्तापालट हें त्याचें एक कारण खरेंच. परंतु कर्मचाऱ्यांच्या तक्रारी, आणि बाहेरून येणाऱ्या फाइलींची मांडणी विस्कटणें, याहि गोष्टी होत्या. गुंतागुंतीचे तक्ते, ‘मॅक्रो’ नांवाच्या स्वयंचलित आज्ञा, बारीक मांडणीचे अर्ज, हे एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यांत जसेच्या तसे उतरत नाहींत, हा रोजचा अनुभव आहे. फुकट मिळालेली वस्तु फुकट चालत नाहीं; शिक्षणास, दुरुस्तीस व धीरास मोल पडतें. जेथें तें मोल मनापासून दिलें गेलें तेथें फळहि आलें. फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलीसदलानें २००५ पासून हा मार्ग धरला. उत्तर जर्मनींतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यानेंहि आपले सुमारें तीस हजार संगणक लिब्रेऑफिसवर नेण्याचें २०२४ सालीं ठरविलें. आणि त्याचें कारण देतांना पैशाच्या बचतीपेक्षां डिजिटल सार्वभौमत्वावर भर दिला.

हा भर योग्य ठिकाणीं आहे. मायक्रोसॉफ्टचें सॉफ्टवेअर आतां बहुतांशीं वर्गणीनें मिळतें, आणि लेखहि पुष्कळदां लेखकाच्या घरीं न राहतां कंपनीच्या दूरच्या संगणकावर राहतो. वर्गणी थकली कीं लेखणी हातून जाते. अशा वेळीं प्रत्येक कुटुंबानें आजच लिब्रेऑफिस घ्यावें असा आग्रह धरण्याचें कारण नाहीं. ज्याच्या कामास जें सोयीचें तें त्यानें वापरावें. परंतु मृत्युपत्र, वंशावळ, आजोबांच्या आठवणी, संस्थेचे ठराव, असे जे कागद पुढच्या पिढीस वाचतां यावे अशी इच्छा आहे, त्यांची एक प्रत तरी खुल्या फॉरमॅटमध्यें ठेवावी. मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरमधूनहि ओपन डॉक्युमेंटची फाईल काढतां येते. त्यास पैसा पडत नाहीं व क्षणाचाच वेळ लागतो. लुनेबुर्गच्या मुलाची कंपनी गेली, ती विकत घेणारी सनहि गेली. पण त्यांच्या हातून सुटलेला कोड आजहि कोणाच्या मर्जीवांचून चालतो आहे. आपले लेखहि तसेच सुटे असावे, एवढी खबरदारी घेणें आपल्या हातीं आहे.