चंद्राला फेऱ्या मारून आलेली अंडी: जड आयन, काडीकिडा आणि कुलाबा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा घाटात रेंज गेल्यामुळे एपिसोड अर्धाच राहिला, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जिथे फार पसरट झालं होतं तिथे थोडं आवरलंय, बाकी गोष्ट तीच.

आमचं गाव वैशाखरे, मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या अलीकडे. पावसाळ्यात रात्री ओटीवरच्या दिव्याजवळ कधीतरी एक काडी दिसते. आपण ती झटकायला जातो आणि काडी चालायला लागते. लहानपणी मी अशीच एक उचलायला गेले, तर आजी ओरडली, "हात नको लावू गं, जित्ता हाय तो." तो काडीकिडा. कित्येक वर्षं मला वाटायचं, हा आपला रानातला किडा, त्याला काय इतिहास असणार?

तर ऐका. याच्याच एका चुलत बहिणीची अंडी डिसेंबर १९७२ मध्ये चंद्राला फेऱ्या मारून आली. तिचं शास्त्रीय नाव कॅरॉसियस मोरोसस. मूळची तमिळनाडूतली, पळणीच्या डोंगरांतली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिची नोंद झाली, नंतर ती युरोपातल्या प्रयोगशाळांत आणि शाळांच्या वर्गांत पोचली. जगभर तिला 'भारतीय काडीकिडा' म्हणूनच ओळखतात. तिला तिकडे कोणी पाठवलं आणि का, हे आज बघू.

मूळ प्रश्न साधा आहे. अंड्यात सुरुवातीला सगळ्या पेशी साधारण सारख्याच दिसतात. मग त्यातली कुठली पाय होणार, कुठली डोळा होणार, कुठली पंख, हे कधी ठरतं? आणि ते आपल्याला कळणार कसं?

आपल्या घरातला लाइटचा बोर्ड आठवा. कुठला फ्यूज कुठल्या खोलीचा हे माहीत नसेल तर आपण काय करतो? एक फ्यूज काढतो आणि कुठे अंधार होतो ते बघतो. शास्त्रज्ञांनी कीटकांच्या अंड्यांवर हेच केलं. अंड्यातला एक छोटा भाग मारायचा, बाकी अंडं वाढू द्यायचं, आणि शेवटी किड्याच्या अंगात काय गायब आहे ते बघायचं. पाय नसेल, तर मारलेल्या पेशी पायाच्या होत्या.

पण मारायचं कशानं? सुईनं टोचलं तर जखम होते, आतला रस बाहेर येतो, आणि किडा बिघडला तो पेशी गेल्यामुळे की जखमेमुळे, हेच कळत नाही. जखम न करता कापणारी सुरी हवी होती, म्हणून माणसं किरणांकडे वळली.

१९२७ मध्ये अमेरिकेतल्या हर्मन मुलर यांनी दाखवून दिलं की फळमाशीवर क्ष-किरण सोडले की पुढच्या पिढ्यांमध्ये जनुकीय बदल दिसतात. (फळमाशी म्हणजे पिकलेल्या केळ्याभोवती घोंगावणारी ती बारीक माशी.) या कामासाठी त्यांना १९४६ चं नोबेल मिळालं. १९३१ मध्ये स्वित्झर्लंडच्या रुडॉल्फ गायगी यांनी फळमाशीच्या अंड्यांवर अतिनील किरण सोडले. अंड्यातून अळी धडधाकट निघाली, पण त्या अळीची माशी झाली तेव्हा तिच्या अंगात खोट होती. याचा अर्थ, अळीचं शरीर घडवणाऱ्या पेशी आणि माशीचं शरीर घडवणाऱ्या पेशी अंड्यातच वेगळ्या झालेल्या असतात.

सुरी मिळाली, पण ती मनासारखी नव्हती. अतिनील किरण फार वरवर थांबतात. क्ष-किरण उलट आरपार जातात, म्हणजे वाटेत येईल त्याला थोडं थोडं जाळत दुसऱ्या बाजूनं बाहेर. आपल्याला हवा होता असा किरण, जो आत शिरेल आणि आपण सांगू तिथे थांबेल.

इथे जड आयन आले. आयन म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला, विद्युतभार असलेला अणू. कार्बन, निऑन, लोखंड असल्या हायड्रोजनपेक्षा बऱ्याच जड अणूंचे आयन प्रचंड वेगानं सोडले की त्यांचा झोत तयार होतो. त्याची खुबी समजायला म्हशाच्या जत्रेत चला. भर गर्दीतून एक जण सुसाट पळतोय. वेगात आहे तोवर त्याचे धक्के कमी लोकांना लागतात, कारण तो कुणाजवळ फार वेळ नसतोच. दमून हळू झाला की मात्र प्रत्येकाला धडकतो, आणि तिथेच कुठेतरी बसकण मारतो. जड आयनाचं असंच आहे. सुरुवातीला थोडी ऊर्जा सांडतो आणि थांबायच्या जरा आधी सगळ्यात जास्त. त्याच्या पुढे जवळपास काहीच नाही. विल्यम ब्रॅग यांनी रेडियममधून निघणाऱ्या कणांमध्ये ही गोष्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पाहिली होती. वेग ठरवला की थांबण्याची जागा ठरते.

आता गंमत बघा. हे वेगवान जड कण माणसाला आधी यंत्रातून मिळाले नाहीत, ते आभाळात सापडले. १९४८ मध्ये अमेरिकेत फुग्यांतून फोटोच्या काचेसारख्या पट्ट्या खूप उंच पाठवल्या गेल्या. त्यांच्यावर जाड, केसाळ रेषा उमटल्या. विश्वकिरणांमध्ये लोखंडापर्यंतची जड अणुकेंद्रं असतात, हे त्या रेषांमुळे कळलं. हा शोध लावणाऱ्या गटात एक नाव होतं बर्नार्ड पीटर्स.

ओपनहायमरवरचा सिनेमा तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. हे पीटर्स त्यांचेच विद्यार्थी. जर्मनीत नाझींच्या छळछावणीतून सुटून अमेरिकेत आलेले. १९४९ मध्ये ओपनहायमर यांनी चौकशी समितीपुढे त्यांच्याबद्दल 'लाल' असल्याची साक्ष दिली, ती वर्तमानपत्रात छापून आली, आणि पीटर्स यांना तिथे राहणं अवघड झालं. त्यांना जागा मिळाली ती आपल्या मुंबईत. होमी भाभांनी १९४५ मध्ये सुरू केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था तेव्हा गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. १९५० च्या दशकात पीटर्स तिथे होते. विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी फुगे सोडायचे, पट्ट्या परत आणायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक रेषा मोजायची, हे काम मुंबईत वर्षानुवर्षं चाललं.

पुढे अंतराळात माणूस जायला लागला आणि या रेषांची भीती वाटू लागली. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या बझ ऑल्ड्रिन यांनी सांगितलं की अंधारात डोळ्यांपुढे उजेडाचे ठिपके चमकतात. जड कण डोळ्यांतून जाताना हे होत होतं. जो कण डोळ्यांत वीज चमकवतो, तो वाढत्या जिवाच्या पेशीतून गेला तर काय करेल?

उत्तर शोधायला जर्मनीतल्या होर्स्ट ब्यूकर यांच्या गटानं 'बायोस्टॅक' नावाचा प्रयोग रचला. कल्पना सँडविचची. जिवांचा एक थर, त्यावर कणाची रेषा टिपणारी पट्टी, पुन्हा जिवांचा थर. मुंबईत वर्षानुवर्षं वापरली गेली तीच पट्टीची युक्ती, फक्त मध्ये जिवंत काहीतरी ठेवलेलं. प्रवास संपला की रेषा शोधायची आणि ती नेमकी कुठल्या अंड्यातून गेली ते बघायचं. अशानं कण लागलेली आणि न लागलेली अंडी वेगळी करता येतात. दोघांचा प्रवास तोच, डबा तोच, फरक फक्त त्या एका कणाचा.

अपोलो १७ बरोबर गेलेल्या डब्यात दोन कीटक होते. एक पिठात होणारा तांबडा भुंगेरा. तुमच्याआमच्या डब्यातला, ज्याला आई चाळणीतून बाहेर काढते, तोच. आणि दुसरा आपला काडीकिडा. त्याची निवड का? एक तर या जातीत जवळपास सगळ्या माद्याच असतात आणि त्या नराशिवाय अंडी घालतात, त्यामुळे पिल्लं एकमेकांसारखी निघतात आणि तुलना सोपी होते. दुसरं, अंडं बारीक बीसारखं, टणक, आणि त्यातली वाढ आठवड्यांमागून आठवडे सावकाश चालते. डिसेंबर १९७२ मध्ये इकडे महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता, माणसं खडी फोडत होती, आणि तिकडे दक्षिण भारतातल्या एका किड्याची अंडी चंद्राभोवती फिरत होती.

याहून स्पष्ट उत्तर आलं १९८५ मध्ये. चॅलेंजर यानातून स्पेसलॅब डी-१ ही जर्मन मोहीम गेली. पुढच्या जानेवारीत जे यान फुटलं, तेच. ही त्याची शेवटची यशस्वी फेरी. या वेळी काडीकिड्याच्या अंड्यांचे गट केले होते. काही वजनरहित अवस्थेत, काही फिरत्या चाकावर, म्हणजे पृथ्वीसारखं वजन जाणवेल असे. दिसलं असं की वजनरहित अवस्थेत अंड्यांतून पिल्लं निघण्याचं प्रमाण घटलं, आणि जड कणाचा फटका व वजनरहित अवस्था एकत्र आली की पिल्लांच्या शरीरात व्यंगं जास्त आढळली. एका अंड्यातून एक कण गेला, तरी पायांची-पोटाची घडण चुकू शकत होती.

पण आभाळातला कण कुठे लागेल हे आपल्या हातात नसतं. फ्यूज आपोआप उडाल्यावर अंधार बघत बसण्यासारखं ते. आपल्याला फ्यूज स्वतः निवडून काढायचा होता. जपानमध्ये ताकासाकी इथल्या आयन-झोताच्या केंद्रात ते जमलं. हा गुन्मा प्रांत, जपानच्या रेशमाचं जुनं माहेर. तिथले कोबायाशी आणि शिन्शू विद्यापीठाचे किगुची यांच्या गटानं रेशीमकिड्यावर कार्बन आयनांचा बारीक झोत वापरला. २००३ मध्ये त्यांनी छापलेलं एक काम सांगते. रेशीमकिड्याच्या अळीत पंखाच्या अंकुराला लागून एक छोटा अवयव असतो. रक्तपेशी तिथून येतात का, हा प्रश्न होता. त्यांनी कातडी न फाडता फक्त तेवढाच भाग झोतानं मारला. पुढे अळीच्या रक्तात पेशी कमी पडल्या. फ्यूज सापडला. शस्त्रक्रिया झाली आणि रक्ताचा थेंब सांडला नाही.

आता परत मुंबईत या, कारण मला ही गोष्ट सगळ्यात जास्त तिथे टोचते. १९६२ मध्ये भाभांच्या बोलावण्यावरून ओबैद सिद्दिकी यांनी टाटा संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. १९७० च्या दशकात कुलाब्याच्या त्या समुद्राकाठच्या इमारतीत फळमाश्यांच्या बाटल्या आल्या. केनियात वाढलेल्या, गोव्याकडच्या आडनावाच्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज तिथे आल्या, आणि माशीला चव आणि वास कसा कळतो याचं काम त्यांनी सिद्दिकींबरोबर केलं. पुढे त्यातले बरेच जण बंगळूरच्या केंद्रात गेले. आणि त्याच आवारात १९८८ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांचं पेलेट्रॉन सुरू झालं: जड आयनांना वेग देणारं यंत्र. एकाच कंपाउंडमध्ये एका बाजूला माशी, दुसऱ्या बाजूला जड आयन, आणि मागे पीटर्सच्या काळापासूनचा विश्वकिरणांचा वारसा. या तीन धाग्यांची माहिती आपल्या शाळेच्या पुस्तकात एका पानावर कधीच येत नाही. भौतिकशास्त्र एका धड्यात, जीवशास्त्र दुसऱ्या. पण तो किडा दोन्ही धड्यांतून चालत गेलाय.

खरं सांगायचं तर आज माशीच्या प्रयोगशाळांत पेशी मारायला आयनांपेक्षा जनुकीय युक्त्या आणि लेझर जास्त वापरतात. त्या स्वस्त पडतात, मोठं यंत्र लागत नाही. मग हा इतिहास सांगायचा कशाला?

गावातलं कुणी रेडिएशन घ्यायला मुंबईला जातं तेव्हा घरात एक प्रश्न हमखास असतो: "आजूबाजूचं काही जळणार नाही ना?" तोच हा प्रश्न, किरण थांबतो कुठे? जपानमध्ये चिबा इथे १९९४ पासून कार्बन आयनांनी कर्करोगावर उपचार होतात. आपल्याकडे खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात २०२३ मध्ये प्रोटॉन उपचार सुरू झाले. प्रोटॉन जड आयन नव्हे, तो हलका. पण जत्रेतल्या पळणाऱ्याचा नियम त्यालाही लागू. गाठीपाशी थांब, पुढे जाऊ नको. वाढत्या, विभागणाऱ्या पेशींना किरणांचा मार जास्त बसतो. म्हणूनच अंडं नाजूक, म्हणूनच गाठही मरते, आणि म्हणूनच लहान मुलांच्या बाबतीत डॉक्टर एवढे जपून असतात. गगनयानासाठी धारवाडच्या कृषी विद्यापीठानं फळमाश्यांचा संच तयार केलाय, म्हणजे माणसाच्या आधी किड्याला पाठवायची ती जुनी रीत अजून चालूच आहे.

त्या अंड्यांना कुणी विचारलं नव्हतं. कुणाचे पाय गेले, कुणी फुटलंच नाही. त्यांच्यामुळे आपल्याला कळलं की एक कण किती नुकसान करू शकतो, आणि त्या कणाला कामाला कसं लावायचं.

परवा ओटीवर पुन्हा एक काडी आली होती. माझी भाची झाडू घेऊन पुढे झाली. मी म्हटलं, थांब, आधी हिची गोष्ट ऐक. गोष्ट संपेपर्यंत काडी कौलात निघून गेली होती.

भेटू पुढच्या भागात. तुमच्याकडे या किड्याला काय म्हणतात ते मला नक्की कळवा.