पेल्यांतील गारवा

बिअर किती थंड प्यावी हा प्रश्न मासिकाच्या पानांवर चर्चा करण्याच्या योग्यतेचा नाहीं, असें कोणी म्हणेल. शिवाय प्रस्तुत लेखक मद्याच्या बाबतींत जवळजवळ कोराच. तेव्हां त्याचा अधिकार काय, ही शंकाही रास्त आहे. परंतु तरुणपणीं इंग्लंडांत असतां एका खेड्यांतील मद्यगृहांत पाहिलेला प्रसंग मला विसरतां येत नाहीं. सोबतच्या मुंबईकर मित्रानें बिअरमध्यें घालण्यास बर्फ मागितला. ‘आमचें तळघर पुरेसें थंड आहे,’ एवढेंच बोलून मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मित्राला मालक अडाणी वाटला आणि मालकाला मित्र रानटी वाटला असावा. आपली आवड हाच सृष्टीचा नियम, अशी दोघांचीही खात्री होती.

इंग्रज बिअर कोमट पितो, ही समजूत चुकीची आहे. पिंपांतील त्याची ‘एल’ तळघरांत मुरते, आणि तेथील उष्णमान सुमारें ११ ते १३ अंश सेंटिग्रेड असतें. त्याहून फार गार केल्यास हॉप्सचा व भाजलेल्या जवाचा वास दबतो, जीभही बधिर होते. म्हणजे त्याची रुचि त्याच्या तळघरानें ठरविली.

बव्हेरियांतील जर्मनांची गोष्ट निराळी. उन्हाळ्यांत गाळलेली बिअर नासते, म्हणून ड्यूक पांचवा आल्ब्रेख्ट यानें १५५३ सालीं २३ एप्रिलपासून २९ सप्टेंबरपर्यंत ती गाळण्यास मनाईच केली. मग हिवाळ्यांत गाळून थंड तळघरांत सांठवून ठेवणें ओघानेंच आलें. ‘लागर’ हा शब्द सांठवण या अर्थाच्या जर्मन शब्दावरूनच आलेला आहे. त्या गारठ्यांत तळाशीं बसणारें किण्वच टिकलें आणि त्याच्या स्वच्छ, हलक्या बिअरला थंडपणा शोभला. १८७० नंतरच्या दशकांत कार्ल लिंडे याचीं शीतयंत्रें म्यूनिकच्या कारखान्यांत आलीं आणि ऋतूचें बंधन सुटलें. लागलेली गोडी मात्र सुटली नाहीं.

पण खरी मौज हिंदुस्थानांत आहे. मायदेशीं तळघराच्या गारव्यावर संतुष्ट असणारा इंग्रज कलकत्त्यास आला कीं, त्याला बर्फासारखी बिअर लागे. लंडनच्या हॉजसनची फिकी एल कित्येक महिन्यांचा समुद्रप्रवास करून, दोनदां विषुववृत्त ओलांडून येथें उतरे. वैशाखांतल्या बंगाली कोठींत तिला इंग्लंडच्या तळघराचा गारवा तरी कोठून मिळणार? तो निर्माण करणारा मनुष्य म्हणजे आबदार.

त्याची विद्या इंग्रजांहून जुनी होती. सोरा पाण्यांत विरघळतांना भोंवतालची उष्णता शोषून घेतो, एवढें तिचें शास्त्र. अकबराच्या दरबारीं बंद सुरई अशा पाण्यांत फिरवून पाणी गार करीत, हें ‘ऐने अकबरी’त नमूद आहे, तोफेची दारू पेटविणारा सोराच गारवा देतो, याचें अबुल फजलला कौतुक वाटलें. बादशहाची छावणी १५८६ च्या सुमारास पंजाबांत गेल्यावर पहाडांतील बर्फही येऊं लागलें. आपल्याकडे शिवकालीन अठरा कारखान्यांत आबदारखान्याची गणना आहेच. आतां पाण्याच्या सुरईऐवजीं आबदाराच्या हातीं साहेबाची बाटली आली, इतकेंच. साहेबानें ‘छान गार आहे’ म्हणावें, यासाठीं कोणाचें तरी मनगट सोऱ्याच्या पाण्यांत अखंड फिरत राही. आवडीनिवडीच्या गप्पांत या मनगटाची आठवण कोणी काढीत नाहीं.

पुढें त्याचा प्रतिस्पर्धी फार दुरून आला. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनें १८३३ च्या मे महिन्यांत ‘टस्कनी’ नांवाच्या जहाजांतून गोठलेल्या जलाशयांतील सुमारें १८० टन बर्फ कलकत्त्यास रवाना केलें. चार महिन्यांच्या प्रवासांत बरेंच वितळूनही सुमारें १०० टन पोंचलें! गव्हर्नर जनरल बेंटिंक यानें ट्यूडरच्या प्रतिनिधीस चांदीचा पेला बक्षीस दिला. पुढच्याच वर्षीं मुंबईंत अमेरिकन बर्फ उतरलें. जमशेटजी जिजीभाईंनीं मेजवानींत आइस्क्रीम वाढलें आणि यजमानासकट पाहुण्यांना पडसें झालें, अशी गोष्ट सांगतात. पडसें लवकर बरें झालें असावें. कारण मुंबईनें बर्फ पुन्हां सोडलें नाहीं.

माझ्या मित्राची मागणी अशी दूरच्या वंशावळीची होती. त्याच्या पेल्यांत बॉस्टनचें तळें होतें. मालकाच्या पेल्यांत त्याचें तळघर होतें. दोघांनाही ते माहीत नव्हतें. आणि आबदार?  पुढें कलकत्त्यांत यंत्रांचें बर्फ निघूं लागलें, आणि अमेरिकेचीं बर्फाचीं जहाजें येणेंही बंद पडलें.