पॅक-मॅनला बायको कुठून आली? व्हिडिओ गेमवरची कार्टून्स इतिहासाचं साधन म्हणून वाचताना

लहानपणी पाहिलेलं कार्टून मोठेपणी पुन्हा लावलं की पहिल्या दहा मिनिटांत दोनपैकी एक प्रतिक्रिया येते. ‘काय भारी होतं यार!’ किंवा ‘हे आपण कसं काय बघायचो?’ संशोधनासाठी दोन्ही निरुपयोगी आहेत, कारण दोन्ही आपल्याबद्दल आहेत, कार्टूनबद्दल नाहीत. मग विचारायचं काय? आज मी त्यासाठी एकच उदाहरण घेतोय: 1980 च्या दशकात अमेरिकी टीव्हीवर आलेली, व्हिडिओ गेमवर बेतलेली कार्टून्स.

सुरुवात ‘पॅक-मॅन’पासून. नाम्को या जपानी कंपनीचा हा गेम 1980 चा, तोरू इवातानी यांनी डिझाइन केलेला. गेममध्ये आहे काय? एक चक्रव्यूह, 240 ठिपके, चार मोठ्या शक्तीच्या गोळ्या, चार भुतं आणि एक पिवळा गोल तोंड. गोष्ट म्हणावी असं जवळजवळ काहीच नाही. तरी सप्टेंबर 1982 मध्ये एबीसी वाहिनीवर शनिवारी सकाळी हॅना-बार्बेराचं ‘पॅक-मॅन’ सुरू झालं. व्हिडिओ गेमवरची ही पहिली टीव्ही कार्टून मालिका.

ती आज बघायला बसलात तर पॅक-मॅनला बायको आहे, तिचं नाव पेपर. एक बाळ आहे, कुत्रा आहे, मांजर आहे. गावाबाहेर शक्तीच्या गोळ्यांचं जंगल आहे आणि ते बळकावू पाहणारा मेझमॅरॉन नावाचा खलनायक आहे. भुतं त्याची नोकर. यातलं किती गेममधून आलं? भुतं, गोळ्या, आणि फार तर ‘मिस पॅक-मॅन’ या दुसऱ्या गेममुळे बायको. बाकी सगळा संसार हॅना-बार्बेराच्या घरचा! 1960 पासून ‘फ्लिन्टस्टोन्स’मध्ये त्यांनी जो साचा वापरला, की नवरा-बायको, मूल, पाळीव प्राणी आणि विचित्र जगात अगदी नेहमीचं घर, तोच इथे पिवळ्या रंगात आला. म्हणजे ‘गेमचं रूपांतर’ हा शब्द वापरताना जरा थांबायला हवं. नाव गेमचं आहे, रूप टीव्हीचं आहे.

आता या विषयावर वाचायला लागलात की एक ठरलेलं स्पष्टीकरण भेटतं: रेगनच्या काळात सरकारने नियम सैल केले, आणि मुलांची कार्टून्स म्हणजे अर्ध्या तासाच्या जाहिराती झाल्या. यात तथ्य आहेच. 1969 मध्ये ‘हॉट व्हील्स’ या खेळण्यातल्या गाड्यांवरच्या कार्टूनविरुद्ध तक्रार झाली, तेव्हा अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने ते प्रकरण गांभीर्याने घेतलं होतं. पुढे 1984 मध्ये याच आयोगाने जाहिरातींच्या वेळेवरची बंधनं काढून टाकली. पेगी चॅरेन यांची ‘अ‍ॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ ही संघटना त्याविरुद्ध लढत राहिली आणि 1990 च्या कायद्याने पुन्हा मर्यादा आली: शनिवार-रविवारी तासाला साडेदहा मिनिटं, इतर दिवशी बारा.

पण तारखा शेजारी-शेजारी लिहून बघा. ‘पॅक-मॅन’ 1982 चं. खेळण्यांवरच्या कार्टूनचं नेहमीचं उदाहरण असलेलं ‘ही-मॅन’ 1983 चं. सीबीएसवरचं ‘सॅटरडे सुपरकेड’ही सप्टेंबर 1983 चं. 1984 चा निर्णय या तिन्हींच्या नंतरचा. म्हणजे परिणाम आधी आणि कारण नंतर, असं होतंय. यावर कुणी म्हणेल की आयोगाचे अध्यक्ष मार्क फाउलर 1981 लाच आले होते, वारा कुठून वाहतोय हे वाहिन्यांना कळलं होतं. हे मला पटतं. पण मग आपला दावा बदलला, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. ‘नियम बदलल्यामुळे’ आणि ‘नियम बदलतील अशी हवा असल्यामुळे’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि दुसऱ्याला पुरावा वेगळा लागतो. सिनॉप्सिस लिहिताना नेमकी हीच गफलत होते.

‘सुपरकेड’ तर आणखी अडचणीत टाकतं. रुबी-स्पिअर्स या कंपनीने एका तासात ‘फ्रॉगर’, ‘डाँकी काँग’, ‘क्यूबर्ट’, ‘पिटफॉल’ असे वेगवेगळ्या कंपन्यांचे गेम कोंबले. फ्रॉगरचा बेडूक इथे चक्क वार्ताहर आहे! मारिओला आवाज पीटर कलनचा. हाच माणूस पुढच्या वर्षी ‘ट्रान्सफॉर्मर्स’चा ऑप्टिमस प्राइम झाला. पण मुद्दा असा, की 1983 मध्येच अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. अटारी प्रचंड तोट्यात गेली, दुकानदारांनी काडतुसं मिळेल त्या भावाला काढली. कार्टून मात्र 1985 पर्यंत चालू राहिलं. विकायचा माल बाजारात पडून आणि ‘जाहिरात’ अजून चालू, तर मग त्याला निव्वळ जाहिरात म्हणायचं का? मला वाटतं, वाहिनीला गेम विकण्यापेक्षा शनिवार सकाळचे तास मुलांच्या ओळखीच्या चेहऱ्यांनी भरायचे होते.

वेळेचा खाचा कार्टूनचं रूप किती ठरवतो, हे 1993 च्या सॉनिकमध्ये फार स्वच्छ दिसतं. एकाच महिन्यात, एकाच डीआयसी कंपनीच्या दोन मालिका, दोन्हींत सॉनिकचा आवाज जलील व्हाइटचा. रोज लागणारी मालिका 65 भागांची आणि निव्वळ धमाल. एबीसीवर शनिवारी लागणारी 26 भागांची, अंधारी, हुकूमशहाविरुद्धच्या बंडाची. गेम तोच होता.

हा 65 आकडा लक्षात ठेवा, सारखा भेटेल. आठवड्याचे पाच दिवस, तेरा आठवडे. 1989 चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स सुपर शो’ही 65 भागांचाच: सोमवार ते गुरुवार मारिओ (52), शुक्रवारी ‘झेल्डा’ (13). सुरुवातीला आणि शेवटी कुस्तीच्या दुनियेतले लू अल्बानो खरेखुरे मारिओ बनून ब्रुकलिनच्या प्लंबिंगच्या दुकानात गोंधळ घालत.

आता साधनांबद्दल, कारण खरी मेख इथेच आहे. समजा तुम्ही या मालिकेतल्या संगीतावर लिहिताय. मूळ प्रक्षेपणात पाठलागाच्या प्रसंगांना त्या काळच्या गाजलेल्या गाण्यांच्या नव्याने गायलेल्या आवृत्त्या होत्या. नंतरच्या डीव्हीडींवर त्यांच्या जागी दुसरंच संगीत आलं, शब्दांशिवाय. मालिका बघून झाल्यावर ‘यात लोकप्रिय संगीताचा वापर नाही’ असं तुम्ही लिहाल, आणि तुमच्यासमोरच्या प्रतीपुरतं ते बरोबरही असेल! तसंच ‘झेल्डा’ वेगळ्या संचात विकली गेली. त्यामुळे चार दिवस थांबून शुक्रवारी झेल्डा, ही जी मुलांची आठवड्याची लय होती ती आज दिसतच नाही. आणि जाहिराती तर कुठल्याच अधिकृत प्रतीत नसतात. ज्या साडेदहा-बारा मिनिटांवरून संसदेत कायदा झाला, तीच मिनिटं आपल्या साधनातून कापलेली आहेत.

‘सुपरकेड’चं नेमकं उलटं. इतक्या कंपन्यांचे हक्क गुंतलेले, की ते पूर्ण स्वरूपात अधिकृतपणे कधी बाजारात आलंच नाही. जे बघायला मिळतं ते बरंचसं कुणाच्या तरी घरी व्हीसीआरवर टेप केलेलं. चित्र थरथरतं, सुरुवात तुटलेली. पण अशा टेपवर पुष्कळदा मधल्या जाहिराती असतात, पुढच्या कार्यक्रमाची घोषणा असते, कधी स्थानिक स्टेशनचं नावही. अभिलेखागारातल्या साफ प्रतीपेक्षा समासात शेरे मारलेली जीर्ण प्रत जास्त बोलते, हे पोथ्यांवर काम करणाऱ्यांना सांगायला नको.

आपल्याकडचा प्रेक्षक या चौकटीत कसा बसतो, हा वेगळाच प्रश्न आहे. जपानमध्ये ‘पोकेमॉन’चा गेम 1996 चा, मालिका 1997 ची. आपल्याकडे 2003 मध्ये कार्टून नेटवर्कवर हिंदीतून मालिका आली. गेम बॉय मात्र फार थोड्या घरांत होता. त्या पिढीतल्या मराठी मुलांच्या मुलाखती घेणार असाल तर ‘गेमवर आधारित कार्टून’ हे शब्द प्रश्नावलीत घालू नका, त्यांच्या अनुभवात तो क्रमच नाही. पिकाचू पहिल्यांदा कुठे भेटला एवढंच विचारा. पुण्या-नाशिककडच्या माझ्या ओळखीच्यांत तरी उत्तरं साधारण अशी येतात: आधी शाळेतून आल्यावर टीव्हीवर, मग चिप्सच्या पाकिटातल्या टाझोवर, आणि गेम थेट 2016 मध्ये, मोबाइलवर, रस्त्यात मान खाली घालून चालताना.