कळ गालात, कारण मेंदूपाशी

हात मोडला तर प्लास्टर दिसते, ताप आला तर पारा चढलेला दिसतो. पण एक दुखणे असे आहे की त्यात चेहऱ्यावर सूज नाही, लाली नाही, जखम नाही. आणि तरीही माणूस घास तोंडाशी नेऊन थांबतो, बोलता बोलता डोळे मिटून गप्प होतो, गालाला कुणाचा हात म्हणून लागू देत नाही. घरच्यांना वाटते, दाढ दुखत असेल. शेजाऱ्यांना वाटते, उगाच बाऊ करतात. या दुखण्याला डॉक्टर ‘ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया’ म्हणतात. नाव अवघड आहे. आपण त्याला चेहऱ्याचा मज्जाशूल म्हणू.

मेंदूपासून मज्जातंतूंच्या बारा जोड्या निघतात. त्यांतील पाचवी जोडी चेहऱ्याची. तिला तीन फाटे: एक कपाळाकडे व डोळ्याकडे, दुसरा गालाकडे व वरच्या जबड्याकडे, तिसरा खालच्या जबड्याकडे. वस्तऱ्याचा गारवा नि चहाची ऊब आपल्याला कळते ती यांच्याच कृपेने. हा तंतू बिघडला म्हणजे साधा स्पर्श हीच कळ होऊन बसते. सकाळी तोंडावर मारलेला पाण्याचा हबका, दात घासणे, भाकरीचा तुकडा चावणे, चौपाटीवर अंगावर येणारी वाऱ्याची झुळूक, एवढे निमित्त पुरते. वीज चमकावी तशी कळ उठते, काही सेकंद ते फार तर दोन मिनिटे राहते नि जाते. पुन्हा केव्हा येईल याचा नेम नाही. बहुधा एकाच बाजूला, बहुधा पन्नाशीच्या पुढे, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक.

दुखणे आजकालचे नव्हे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शिरोरोग सांगितले आहेत, त्यांत ‘अनंतवात’ नावाचा एक आहे. मान, डोळे, भुवया व कानशिले यांत तीव्र वेदना, गालाच्या बाजूस कंप, जबडा धरणे, अशी त्याची लक्षणे. हाच आपला मज्जाशूल, असे पुष्कळ वैद्य मानतात. युरोपात १७५६ साली निकोला आंद्रे या फ्रेंच शल्यवैद्याने या रोगाला स्वतंत्र नाव दिले, आणि १७७३ साली लंडनच्या जॉन फॉदरगिल यांनी त्याचे बारकाईने वर्णन केले. गंमत अशी, की वर्णन इतके अचूक करणाऱ्या फॉदरगिलना कारण मात्र कर्करोगाशी जोडलेले वाटले. लक्षण ओळखणे आणि कारण सापडणे यांत किती अंतर असते, ते पुढल्या दोनशे वर्षांनी दाखवून दिले.

मधल्या काळात सगळ्यांत जास्त हाल झाले ते दातांचे. कळ जबड्यात येते, म्हणून दोष दाढेचा, हा हिशेब सरळ वाटतो. आमच्या दादरच्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांच्या दोन धडधाकट दाढा अशाच गेल्या. दाढा गेल्या, कळ राहिली. वर्गात शिकवताना ते मध्येच थांबत, गालापाशी हात नेत पण लावत नसत. मुलांना वाटे, सर शब्द आठवताहेत. वाचकहो, अशी माणसे आपल्याही आळीत, आपल्याही चाळीत असतील.

शल्यचिकित्सेने या रोगावर पहिला हल्ला केला तो तोडण्याच्या मार्गाने. तंतू दुखतो ना, मग तोच तोडा! लंडनच्या व्हिक्टर हॉर्सली यांनी कवटी उघडून तंतूच्या मुळापर्यंत जाण्याचा प्रयत्न केल्याचे १८९१ साली नमूद केले. तो रोगी दगावला. १९०१ साली फिलाडेल्फियात फ्रेझियर व स्पिलर यांनी मूळ तोडण्याची अधिक सुरक्षित रीत आणली आणि ती पुढे अर्धे शतक चालली. कळ थांबे, पण अर्धा चेहरा बधिर होई. डोळ्यात कण गेला तरी कळत नसे, त्यामुळे डोळ्यालाही धोका. काहींच्या तर बधिर गालातच नवी, सतत जळजळणारी वेदना सुरू होई. तरीही रोगी हा सौदा पत्करीत, यावरून मूळ दुखण्याची कल्पना करावी.

आपल्या मुंबईत हे शास्त्र कसे आले? परळचे के.ई.एम. रुग्णालय आणि शेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज १९२६ साली सुरू झाले. तेथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत, अशी देणगीदारांच्या विश्वस्तांची अट होती. गिरण्यांच्या भोंग्यांवर दिवस मोजणाऱ्या परळ-लालबागला त्यामुळे मोठे रुग्णालय घराजवळ मिळाले. पण मेंदू व मज्जातंतूंची शस्त्रक्रिया हे स्वतंत्र शास्त्र म्हणून देशात आले ते स्वातंत्र्यानंतर. १९४९ साली डॉ. जेकब चँडी यांनी वेल्लोरला आरंभ केला. मुंबईत डॉ. आर. जी. गिंडे यांनी जे.जे. रुग्णालयात, आणि १९५७ पासून डॉ. होमी दस्तूर यांनी के.ई.एम.मध्ये हे काम उभे केले. पुढे डॉ. सुनील पंड्या यांच्यासारख्यांनी ते वाढवले. महापालिकेच्या रुग्णालयात हा विभाग निघाला, याचे महत्त्व मोठे आहे. एरवी असली शस्त्रक्रिया साच्यावर उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या स्वप्नातही आली नसती.

औषधांचीही मदत झाली. फेफऱ्यावरचे फेनिटॉइन या कळेवर चालते असे १९४२ साली दिसले, आणि १९६२ साली कार्बामाझेपिनचा गुण कळला. आजही पहिला उपाय तोच. मात्र काहींना त्याने घेरी येते, झापड येते, अंगावर पुरळ उठते; काहींच्या बाबतीत वर्षांगणिक मात्रा वाढते आणि गुण कमी होतो.

खरे कारण दिसले ते निराळ्या वाटेने. बाल्टिमोरचे वॉल्टर डँडी कानामागच्या बाजूने कवटीत जात. १९३४ साली त्यांनी आपल्या २१५ रोग्यांचा आढावा घेतला, तेव्हा पुष्कळांच्या तंतूच्या मुळाशी एखादी रक्तवाहिनी टेकलेली आढळली. फारसे कुणी लक्ष दिले नाही. १९६० नंतर पीटर जॅनेटा हे तरुण अमेरिकन डॉक्टर दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी विच्छेदनाचा नमुना तयार करीत होते. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले आणि त्यांना डँडीचे म्हणणे पटले. धमनी प्रत्येक ठोक्याला तंतूवर आपटते. तंतूवरचे आवरण झिजते. आणि विजेच्या तारेवरचे रबर झिजल्यावर ठिणगी उडावी तशी स्पर्शाची कळ होते.

मग तंतू तोडायचा कशाला? धमनीच बाजूला सारावी. कानामागे रुपयाएवढे भोक पाडून, सूक्ष्मदर्शकाखाली धमनी अलगद उचलायची आणि मध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवायचा. तंतू शाबूत, चेहऱ्याची जाणीव शाबूत. जॅनेटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली ११८५ रोग्यांचा हिशेब मांडला: दहा वर्षांनंतरही शंभरांतील सत्तर जण कळेपासून मुक्त होते. म्हणजे तिसांना पूर्ण यश नव्हते, हेही लक्षात ठेवावे. शस्त्रक्रियेत ऐकू येणे कमी होण्यासारखे धोके आहेत. ज्यांना एवढी मोठी शस्त्रक्रिया झेपत नाही त्यांच्यासाठी गालातून सुई घालून तंतूला शेक देणे, किंवा किरणांचा मारा करणे, हे मार्ग आहेत. नट सलमान खान यांनी या दुखण्यावर २०११ साली अमेरिकेत उपचार करून घेतले आणि त्याविषयी ते उघडपणे बोलले. त्यामुळे हे नाव मुंबईत घरोघरी ऐकू आले, हे बरेच झाले. आज मात्र त्यासाठी परदेशी जावयास नको. ही शस्त्रक्रिया आपल्या शहरात होते.

तेव्हा एवढे ध्यानात असू द्या. विजेसारखी, क्षणात येऊन जाणारी, नुसत्या स्पर्शाने उठणारी कळ असेल आणि दंतवैद्य म्हणत असतील की दाढ ठीक आहे, तर दुसरी दाढ काढण्याचा आग्रह धरू नका. मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवा, एम.आर.आय. करून घ्या. आणि घरात कुणी म्हणाले, “वारा लागला तरी दुखतं,” तर हसू नका. सुश्रुतापासून जॅनेटांपर्यंत ज्यांनी ज्यांनी या रोगाचा माग काढला, त्यांनी आरंभ केला तो रोग्याचे हेच वाक्य खरे मानून.